रुमाल टाकलेल्या जागा

अख्ख्या बीड जिल्ह्यात देवाचं डोकं सगळ्यात जास्त कोणी खाल्लं असेल, तर ते माझ्या चुलत सासऱ्यांनी. तक्रारी करून नव्हे, आभार मानून. तक्रार करणाऱ्याला कधीतरी काहीतरी मिळतं आणि तो गप्प बसतो. आभार मानणाऱ्याला थांबवायची सोय देवानेही करून ठेवलेली नाही. केजच्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, मी अकरा वर्षं सेक्रेटरी आहे. पत्र्याच्या छपराखाली दर रविवारी नऊ वाजता उपासना सुरू होते आणि साडेदहाला आशीर्वाद होऊन संपायला हवी, कारण पाळकसाहेबांना पुढे नेकनूरला दुसरी उपासना असते. पावणेअकराची जीप चुकली की ते चौकात तासभर उन्हात उभे राहतात आणि मग सोमवारी मला फोन करतात. म्हणून मी वहीत सगळं आखून ठेवलं आहे: गीत सात मिनिटं, वाचन पाच, उपकारस्तुती तीन, संदेश पंचवीस. उपकारस्तुती, म्हणजे मंडळीच्या वतीने उभं राहून देवाचे आभार मानायचं काम, मामांकडे होतं. (आमच्याकडे सासऱ्याला आणि त्यांच्या भावांना मामाच म्हणतात.) अकरा वर्षांत मामा एकदाही तीन मिनिटांत मुक्कामाला पोचले नाहीत.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. मामा एसटीत कंडक्टर होते, आणि लांबून पदर सावरत धावत येणारी म्हातारी दिसली की ती आत येऊन, बसून, पिशवी मांडीवर घेईपर्यंत बेल मारत नसत. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकायचे. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी त्यांच्या मते मंडळी ही एक गाडीच होती, आणि प्रार्थना करताना ते पुढच्या खुर्चीपासून मागच्या खुर्चीपर्यंत तिकिटं फाडत जावं तसे एकेका माणसाचे आभार मानत जात. सगळ्यांचे मिळून एकदाच आभार माना, असं मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल! ते म्हणत, "सगळ्यांचं मिळून एकच तिकीट फाडलं तर चेकर काय म्हणंल, सूनबाई?"

आभारही मोघम नसत. देवाला तपशील लागतो अशी त्यांची समजूत होती. एकदा ते डोळे मिटून म्हणाले, "आमच्या सुतारभावाचा गुटखा पंधरा दिवसांपासून बंद हाय, त्याबद्दल तुझे लई उपकार, बापा." सुताराच्या बायकोला नवरा गुटखा खातो हेच माहीत नव्हतं. 'आमेन' झाल्यावर त्या माउलीने नवऱ्याकडे अशी नजर टाकली की पाळकसाहेबांनी संदेशाचा विषय ऐनवेळी बदलून क्षमेवर घेतला. माझीही सुटका नव्हती. "सूनबाईचा राग मागच्या महिन्यापेक्षा चार आणे कमी झालाय, आणखी होईल, आमी वाट बघायलोय," असं भर सभेत ऐकून मला जो राग आला, त्याने ते चार आणे व्याजासकट परत गेले. माणसाची आध्यात्मिक वाढ ते ज्वारीच्या ताटासारखी न्याहाळत. मागच्या रविवारी गुडघ्याएवढी होती, आता कमरेला आली, असं त्यांना खरंच दिसत असे. आम्हाला कुणालाच दिसत नसे. ज्याची वाढ झाली त्याला तर मुळीच नाही.

शास्त्राचा त्यांचा अभ्यासही असाच एकमार्गी. पहिल्या विश्वासणाऱ्यांना, म्हणजे अगदी सुरुवातीच्या त्या घराघरांतून जमणाऱ्या मंडळ्यांना, प्रेषिताने जी पत्रं लिहिली त्यांवर त्यांचं अपार प्रेम. पण वाचायचे फक्त सुरुवात. तुमच्याबद्दल देवाचे आभार मानतो, तुमचा विश्वास वाढतोय, एकमेकांवरची प्रीती वाढतेय, अशा मजकुरापर्यंत आले की पुस्तक मिटून ठेवत. मी म्हणायची, "मामा, पुढे चांगली खरडपट्टी आहे. तीही वाचा की."

"ती वाचायला तू हायस."

"पण त्यांनी लिहिलीय ना!"

"लिव्हली. पर आधी आभार, मंग कानउघाडणी. तू डायरेक्ट कानउघाडणीच्या स्टॉपवरच उतरतीस. आगं, त्या काळी ते पत्र घिऊन मानूस महिना महिना चालत जायचा. नुसत्या शिव्या पोचवायला कुनी एवढं चालत जात न्हाई."

त्या लोकांकडे खुर्च्या नव्हत्या, जीप नव्हती आणि सेक्रेटरी नव्हती, एवढंच मी म्हटलं. "सुखी व्हते," मामा म्हणाले.

पण या सगळ्याहून माझं डोकं फिरायचं ते त्यांच्या रुमालांनी. एसटीच्या खिडकीतून आत रुमाल टाकून जागा धरायची रीत आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. मामा ती उपासनेत पाळत. जो कोणी दोन-तीन रविवार आला नाही, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर ते सकाळी लवकर येऊन रुमाल टाकून ठेवत. त्यासाठी खिशात निळ्या चौकड्यांचे पाच-सहा रुमाल असत. माझा नियम वेगळा होता: तीन महिने गैरहजर, तर नाव मागच्या पानावर. खुर्च्या मोजक्या, नवे लोक भिंतीला टेकून उभे, आणि मधोमध चार खुर्च्यांवर रुमाल बसलेले! एकदा मोठे पाहुणे पाळक आले, आणि मी त्यांना मानाने पुढच्या खुर्चीकडे नेलं, तर मामा आडवे. "तितं मानूस हाय, साहेब."

पाहुणे म्हणाले, "कुठे आहे?"

"येतंय."

"कधी?"

"ते आल्यावर कळंल की." पाहुणे प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. त्या खुर्चीचा माणूस दीड वर्षापासून पुण्याला वॉचमन होता.

आता मार्थाबाईंचं सांगायला हवं, कारण सगळं येऊन अडलं ते तिथेच. मार्थाबाई बसस्टँडजवळ ब्लाउज शिवतात आणि आमच्याकडे पेटी वाजवत. वाजवत सुंदर, पण दोन कडव्यांच्या मध्ये पेटी घेऊन अशा काही फिरायला जात की परत येईपर्यंत गाणारे बसून घेत. गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी तिसऱ्या कडव्याला उभी राहिले, घड्याळ दाखवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पुढची दोन गाळा, मार्थाबाई. जीप जाईल." त्यांनी भाता मिटला, पेटीवर कापड घातलं, पिशवी उचलली आणि गेल्या. पुढच्या रविवारी आल्या नाहीत. नंतरही नाहीत. गीत मी सुरू करू लागले. मी सूर फार वर धरते असं लोक म्हणतात. मी तो वेळेवर धरते. चार मिनिटांत गीत होऊ लागलं. तीन महिने झाल्यावर मी नियमाप्रमाणे त्यांचं नाव मागच्या पानावर नेलं.

मामांनी पेटीपुढच्या स्टुलावर रुमाल टाकला आणि दर रविवारी मार्थाबाईंचे आभार चालूच ठेवले. मी एकदा त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "मामा, त्या येत नाहीत. जे नाही त्याचे आभार कसले?"

"बसलेल्याला रुमाल कशाला लागतोय?" एवढं बोलून ते निघून गेले. माझी चूक झाली असं ते एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी वाद घातला असता आणि बहुधा जिंकलेही असते.

या जानेवारीत त्यांचे गुडघे पार गेले. आष्टीहून त्यांची मुलगी न्यायला आली. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. "उपकारस्तुती आता तू करायची." खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी वही उघडली, एकेक नाव आणि पुढे आभाराचं एकेक कारण असे दोन रकाने आखले आणि म्हटलं, "सांगा." ते डोळे मिटून थांबे सांगावेत तसे सांगत गेले. सुताराचा गुटखा, पुण्याच्या वॉचमनची दर महिन्याला येणारी खुशाली, सगळं. मार्थाबाईंचं नाव आलं आणि ते थांबले.

"पुढे काय लिहू?"

"तिचं तुज्याकडं हाय."

"माझ्याकडे? काय?"

"मला कावून इचारतीस? वहीत बघ."

चिडून घरी आले आणि जुन्या वह्या काढल्या. मी एकही वही टाकत नाही. चार वर्षांपूर्वी माझी आई बीडला दवाखान्यात होती तेव्हाची वही सापडली. औषधं, कपडे, मुलांची शाळा, सगळी कामं ओळीने लिहिलेली. त्यात एक ओळ रोज होती: 'डबा – मार्थाबाई'. पुढे बरोबरची खूण. सतरा दिवस, सतरा खुणा. रोज सकाळच्या बसने त्या केजहून बीडला येत, डबा देत, आईचे पाय थोडा वेळ दाबत आणि परत जाऊन मशीनवर बसत. काम झालं की मी खूण करते आणि पुढच्या ओळीवर जाते. आभाराचा रकाना त्या वहीत नव्हता. कुठल्याच वहीत नव्हता. पहिला मी त्या दिवशी मामांसमोर आखला होता.

रविवारी मी उभी राहिले. पहिली सहा नावं दोन मिनिटांत, अगदी मनासारखी झाली. सातव्या नावापुढे मी लिहिलं होतं, 'डबा, सतरा दिवस'. ते वाचून पुढे जायचं होतं. पण मी वाचायला तोंड उघडलं आणि भलतंच बोलू लागले. आईला दात नव्हते, म्हणून मार्थाबाई भाकरी दुधात कुस्करून वेगळ्या डब्यात आणत; तो डबा गार होऊ नये म्हणून बसमध्ये पदराखाली धरून बसत; आई शेवटचं पोटभर जेवली ते त्यांच्या हातचं. हे मी आधी कुणालाही सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा. किती वेळ गेला माहीत नाही, कारण घड्याळ दिसत नव्हतं. पाळकसाहेबांची जीप गेली. सोमवारी त्यांचा फोन आला नाही.

सोमवारी मीच गेले दुकानात. मार्थाबाईंनी मशीन थांबवलं नाही.

"ब्लाउज का?"

"नाही. रविवारी नऊला उपासना आहे."

"म्हाईत हाय. टायमटेबल तुमचंच हाय."

"माझं चुकलं, मार्थाबाई. त्या दिवशी, आणि त्या सतरा दिवसांचंही."

मशीन थांबलं. त्यांनी दोरा दातांनी तोडला, कापड उलटसुलट करून पाहिलं. "किती कडवी म्हणायची?"

"असतील तेवढी."

"बगा हं. नंतर हात वर करताल."

त्या आल्या. पाच कडवी वाजवली, आणि शेवटचं कडवं मला डिवचायलाच दोनदा वाजवलं असा माझा ठाम संशय आहे. मी हात मांडीवर दाबून बसले. उपासना संपल्यावर त्यांनी स्टुलावरचा रुमाल मला दाखवला. "हा कुनाचा?" मी सांगितलं. त्यांनी तो घरी नेला आणि पुढच्या रविवारी धुऊन, इस्त्री करून माझ्या हातात ठेवला.

मामा आष्टीहून दर रविवारी एक वाजता फोन करतात. जिने चढवत नाहीत, मुलगी प्रवासाला सोडत नाही, डॉक्टरही नको म्हणतात. पण "पुढच्या रविवारच्या गाडीनं येतो" हे त्यांचं ठरलेलं असतं. त्यांना जाऊन तीन महिने कधीच उलटले. माझ्या नियमाप्रमाणे नाव मागच्या पानावर जायला हवं. ते पान मी पिनने बंद करून टाकलं आहे.

परवा फोनवर त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "किती आले?"

"सगळे. पुण्याचा वॉचमनही सुट्टीवर आलाय."

"सगळे?"

"एक सोडून. त्यांच्या जागेवर रुमाल टाकलाय."

मामांनी आधी जागेची चौकशी केली.

"खिडकीकडचीच जागा हाय ना?"

"खिडकीकडचीच."

"मंग इतक्यात बेल मारू नको, सूनबाई."

"नाही मारत," मी म्हटलं.