अप्पांचे बेदाणे, लुकाची बाटली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर त्या दिवशी घरातच होती.

वाईनपासून सुरुवात करतो. तिच्याबद्दल बोलणं त्यातल्या त्यात सोपं.

इटलीत ला स्पेत्सिया बंदराजवळ डोंगर थेट समुद्रात उतरतात. उतारावर नुसत्या दगडांच्या ताली रचलेल्या, आणि तालींवर द्राक्षं. त्यांची तिथे एक गोड वाईन करतात — शाक्केत्रा. घड खुडून सावलीत, वाऱ्यावर, जाळ्यांवर सुकवायचे. नोव्हेंबर लागला की शेजारीपाजारी जमून एकेक मणी हातानं सोडवायचा. एवढ्या खटाटोपातून बाटल्या निघतात थोड्याच, त्याही बारशाला, लग्नाला राखलेल्या. रंग जुन्या मधासारखा. वास — कसा सांगू? जर्दाळूचा, आणि मागून किंचित खारा.

आमचं जहाज तिथे दुरुस्तीला लागलं होतं. थर्ड इंजिनिअर लुका मला त्याच्या गावी घेऊन गेला. त्याच्या वडिलांच्या लांबलचक टेबलाशी बसून मीही मणी सोडवले. बोटं आपोआप चालत होती. म्हाताऱ्यानं ते हेरलं. कुठे शिकलास, म्हणून लुकाकरवी विचारलं.

खरं उत्तर सरळ होतं. तासगावला माझे अप्पा बेदाणे करतात. तीच सावली, तोच वारा, तशाच जाळ्या. कित्येक महिन्यांनी मला घरी आल्यासारखं वाटत होतं — मग खरं का नाही सांगितलं? बेदाणे मला किरकोळ वाटले. मी म्हणालो, "आमचे वडीलही वाईन करतात."

माझे अप्पा! ज्यांनी वाईनवाल्यांना एक घड कधी दिला नाही. म्हाताऱ्यानं चिकट हातांनी माझा हात धरला. म्हणाला, माझी वाईन कशी झालीय ते एकदा तुझ्या वडिलांकडून ऐकायचंय मला.

पुढे लुका आणि मी, दोघंही जहाज सोडून सिंगापूरला नोकरीला लागलो. २०१४ साली अप्पा आमच्या पुंगोलच्या फ्लॅटवर राहायला आले. लुकाच्या घरच्या त्या दिवसाबद्दल मी त्यांना सांगितलं होतं, माझी थाप तेवढी वगळून. येताना त्यांनी बेदाण्यांचा एक पुडा वेगळा बांधून आणला होता. "हे त्या इटलीच्या म्हाताऱ्याला दे. त्येलाबी कळूदे आमची द्राक्षं." लुका सध्या बाहेरगावी आहे, असं मी अप्पांना सांगितलं. वाईन करणाऱ्याच्या घरून बेदाणे कसे जाणार?

आणि मग लुकाचाच फोन आला. अप्पा आल्याचं माझ्याच तोंडून निसटलं होतं. त्याचे वडील आता अंथरुणातून उठत नव्हते. त्यांनी शेवटच्या हंगामातली एक बाटली पाठवली होती — अप्पांसाठी. बदल्यात हवा होता फक्त वाईनबद्दल अप्पांचा एक शब्द.

अप्पांना ताप आहे, म्हणालो. तर तो म्हणाला, नुसती देऊन जातो. मी धावत खाली गेलो, वर यायला नको म्हणून. ब्लॉकखाली त्यानं बाटली माझ्या हातात ठेवली, आणि सहज वर बघितलं. चौथ्या मजल्याच्या कॉरिडॉरमध्ये, कठड्याला टेकून, पांढरी टोपी घातलेले अप्पा उभे होते. लुकानं हात केला. अप्पांनीही केला.

"ते कोण?" लुकानं विचारलं.

मी म्हणालो, "असेल कुणीतरी. ब्लॉकमधलं."

हेच सांगायचं होतं. इतका वेळ द्राक्षं, ताली, वास करत बसलो.

बाटली पिशवीत लपवून वर आलो तर अप्पा दारातच. "त्यो गोरा कोण रं? मला हात केला त्यानं."

"पार्सलवाला."

"मग पानी तरी इचारायचंस की. ऊन काय कमी हाय व्हय हितलं?"

दुसऱ्या दिवशी मी लुकाला सांगितलं, अप्पांनी चाखली, आणि म्हणाले — अशी वाईन करायला मला आणखी एक जन्म लागेल. लुकानं ते फोनवर वडिलांना ऐकवलं. त्यांनी तीनदा म्हणायला लावलं म्हणे. त्या हिवाळ्यात ते गेले. अप्पा दोन वर्षांनी. लुका सांगतो, त्यांच्या तळघराच्या दारावर ते वाक्य अजून आहे, खडूनं लिहिलेलं, खाली अप्पांचं नाव.

अप्पा चिडतील म्हणून मी घाबरलो, असं बरीच वर्षं मनाशी म्हणत आलो. तेही खोटं. अप्पांना मी विचारलंच कुठे? बाटली पुढे ठेवून, "अप्पा, हे त्या म्हाताऱ्यानं केलंय," एवढं म्हटलं असतं तर? प्यायले नसते कदाचित. पण वास घेतला असता. जाळ्या कशा बांधता, वारा कुठल्या बाजूचा, हे विचारलं असतं. लुकाला सोडलं नसतं. त्या गप्पा मला अजून ऐकाव्याशा वाटतात — मध्ये दुभाषी म्हणून मी.

कपाटात एकाच फळीवर ती बाटली आणि तो पुडा शेजारी शेजारी होते. बेदाणे काळे पडले, टाकून दिले. बाटली आहे. उघडलेली नाही. ती माझ्यासाठी नव्हती.