लेथवरचं कुंकू

आमच्या घरात कॉलेजला गेलेला मी पहिलाच. त्यामुळे असं काही लिहायला बसणं हे जरा जास्तच वाटतं. चुकलं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

वडील मुलुंडला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत टर्नर होते, लेथ मशीन चालवायचे. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना नौदलातून निवृत्त झालेले एक कॅप्टन तिथे मुख्य साहेब म्हणून आले. भोंगा झाला की ते कामगारांना आवारात रांगेत उभं करायचे, नखं बघायचे, बुटांचे बंद बघायचे. कामगार पाठीमागे त्यांना ‘बोटवाला’ म्हणत.

खंडेनवमीला मशीनं धुऊन पुसून त्यांची पूजा करायची, ही तिथली जुनी रीत. घरची माणसंही जायची. त्या वर्षी मीही गेलो होतो. साहेब पांढरे हातमोजे घालून पाहणीला आले. वडिलांच्या लेथवरचं कुंकू त्यांनी बोटानं पुसलं, हार ओढून भंगाराच्या पिंपात टाकला.

“हा कारखाना आहे, देऊळ नाही.”

वडील म्हणाले, “सायबानू, तुमची बोट पाण्यात सोडतत तेवा नारळ फोडतत मा? मगे आमच्या लेथान काय पाप केल्यान?”

मागे कोणीतरी खिदळलं. ते हसू वडिलांना नडलं. दुसऱ्या पाळीआधीच त्यांना उद्धटपणाबद्दल निलंबित केलं. रांगेसमोर माफी मागितली तरच परत घेऊ, असं साहेबांनी कळवलं.

आई म्हणायची, मागून टाका. नोकरी गेली तर माझं कॉलेज सुटणार होतं, पण ते कोणी बोलून दाखवत नव्हतं. शेवटी मीच साहेबांना भेटायला गेलो. त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही.

“शिकतोस ना? मग बापाला शिस्त शिकव.”

त्या माणसाबद्दलचा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

घरी येऊन वडिलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “आधी तो लेथाची माफी मागूंदे. मगे मी मागतंय.”

चौकशी शिमग्यापर्यंत रेंगाळली. मग एका संध्याकाळी शेजारच्या खोलीतले काका, त्याच कंपनीतले टर्नर, कामावरून थेट आमच्या दारात आले. आत आले नाहीत. वडिलांकडे न बघता म्हणाले,

“तुका काढल्यांनी रे, कायमचो. उद्यापासून तुझ्या लेथार माका घालतत.”