चाकोरीतलं उभं गवत

ती केस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. तिचा विषय निघाला की आधी दिसतो तो आमच्या ठाण्याच्या पायरीवर बसणारा एक म्हातारा. त्याचा मुलगा वनखात्यात नाकेदार होता. जंगलातून बाहेर पडणारी गाडी तपासायची आणि रस्त्यावरचा आडवा बांबू वर करायचा, हे त्याचं काम. त्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी. सरकारी डेपोतलं सागवान चोरीला गेलं, संशय त्याच्यावर आला आणि तो निलंबित झाला. धाकट्या बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. गिरणीत बायका त्याच्या आईशी बोलेनाशा झाल्या. म्हातारा एस.टी.नं यायचा, पायरीवर बसायचा आणि मी दिसलो की एकच वाक्य बोलायचा, "सायेब, माझ्या पोरानं बांबू उचलला न्हाय."

माझे वडील बैलगाडीवर ऊस वाहायचे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. बी.ए. झालो, फौजदार झालो, याचा अभिमान मला तेव्हा होता आणि आजही आहे. असल्या घरातली पहिली नोकरी जाणं म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कोल्हापूरच्या पश्चिमेचं जंगल, डेपोतून बाहेर पडायला डांबरी रस्ता एकच आणि त्यावर हा नाका. बैलगाड्यांनी एवढे ओंडके हलवायला अख्खा हंगाम गेला असता. म्हणजे मोटार आली, म्हणजे ती नाक्यावरून गेली, म्हणजे नाकेदार सामील. वरिष्ठांचंही हेच मत होतं आणि दोषारोपपत्राची घाई चालली होती.

तेवढ्यात एक गवळी ठाण्यात आला. भलताच चिडलेला.

"सायेब, आमच्या पल्याडच्या रानात दिस उगवायला मोटार घुरघुरतीया. तिथं रस्ताच न्हाय! म्हशी बिचकत्यात, दूध चोरत्यात. माझ्या धंद्याचं काय?"

ठाणे अंमलदार हसला. मी हसलो नाही. खबर देणाऱ्याचं स्वतःचं काही नुकसान झालेलं असलं की ती खबर बहुतेक खरी निघते, हा माझा अनुभव. स्टेशन डायरीत नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो.

गवळ्यानं दाखवलेली वाट डेपोच्या मागून निघून ओढ्याच्या कडेनं जात होती. एका अंगाला दरड, दुसऱ्या अंगाला खोल ओढा, आणि दोन्हीकडून कारवीची झुडपं अंगावर आलेली. मधेच ढोली पडलेला एक जुना आंबा वाटेवर आलेला. बरोबर आलेले वनाधिकारी म्हणाले, "ही जळणाच्या बैलगाड्यांची वाट आहे, फौजदारसाहेब. मोटार इथं शिरली तर उचलूनच बाहेर काढावी लागेल." जमीन दगडाळ, वर पाचोळा. टायरची नक्षी कुठेही उमटलेली नव्हती. चाकोऱ्या मात्र ताज्या होत्या.

मी उकिडवा बसून दोन चाकोऱ्यांच्या मधे बघितलं.

"हवालदार, बैलगाडीला बैल कुठून चालतात?"

"मधनं की सायेब. दोन चाकोऱ्यांच्या मधनं."

"मग मधलं गवत उभं कसं?"

हवालदारानं खाली बघितलं, मग माझ्याकडं. "आयला!"

चाकोरीत पाला चुरडलेला, आणि मधे वीतभर गवत ताठ उभं. एक खूर पडलेला नाही. शेंड्यांना गाडीच्या पोटाचं काळं तेल तेवढं लागलेलं. लहानपणी मी वडिलांच्या गाडीमागून मैलोगणती चाललोय. बैलाविना उमटलेली चाकोरी मी तिथं पहिल्यांदा पाहिली.

असल्या वाटेला पुरून उरेल अशी गाडी आमच्या माहितीत एकच होती. एका वखारवाल्यानं लष्कराच्या डिस्पोजलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या लिलावातून घेतलेली भलीमोठी पिकअप, चारी चाकांनी ओढणारी. तिचा दोन्ही बाजूंचा रंग सारख्याच उंचीवर पत्र्यापर्यंत खरवडलेला होता आणि दाराच्या बिजागरीत कारवीची साल अडकली होती. पंचनामा करून गाडी जप्त केली. ड्रायव्हरलाही ठाण्यात आणलं. शिवाजी पेठेतला, तालमीत कमावलेला गडी.

"सायेब, ही गाडी हाय का आगबोट? गल्लीत वळवताना घाम फुटतोय, रानात कुठं न्हेऊ?"

दुसऱ्या दिवशीही तेच. मी हात उगारला नाही. मार खाल्लेला माणूस तुम्हाला हवं ते बोलतो, खरं ते बोलतोच असं नाही. पण चहा पिताना हा गडी गाडीबद्दल बोलायला लागला की त्याचे डोळे चमकत, हे मी हेरलं होतं. मी हवालदाराकडं वळून मोठ्यानं म्हणालो, "सोडा याला. त्या वाटेनं गाडी काढणारा कोल्हापूरचा नव्हेच. एवढा तयार हात साताऱ्याकडचाच असणार."

कप खाडकन खाली आला.

"साताऱ्याचा? ढोल्या आंब्यापाशी आरसं मिटून, चार बोटं जागा ठिवून गाडी काढतोय व्हय साताऱ्याचा?"

मग तो स्वतःच कपाळावर हात मारून हसला. "घावलो की वो!"

पण पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही. त्या वाटेनं गाडी जाते हे पंचांसमोर दाखवायलाच हवं होतं. सकाळी पंच, वनाधिकारी आणि जप्त पिकअप घेऊन डेपोमागं गेलो. आमच्या पोलीस ड्रायव्हरनं वाट बघितली आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. "सायेब, माझी बायकापोरं हायत."

आरोपीच्या हाती स्टिअरिंग दिलं तर वकील दबाव म्हणणार. मग मीच बसलो. बेडी घातलेला तो शेजारी. चारी चाकांचा दांडा ओढला, हलक्या गिअरात टाकली आणि ते धूड गुरगुरत आत शिरलं. कारवी दोन्ही बाजूंनी पत्र्यावर कराकरा ओढली जात होती. मागं बसलेल्या एका पंचाचा जप सुरू झाला.

"ब्रेक मारू नगा! गिअरवर सोडा. म्हैस पिळताय का इस्टेरिंग फिरवताय? हलका हात!"

"तू आरोपी आहेस, लक्षात आहे ना?"

"आरोपी हाय म्हणून वढ्यात मरू व्हय? डावं चाक दरडीवर चढवा... चढवा की!"

गाडी ओढ्याकडं कलली. माझ्या बाजूच्या दारातून खाली नुसतं पाणी दिसत होतं. भीती होतीच, आणि खरं सांगतो, मजाही येत होती. ढोल्या आंब्यापाशी आरसे मिटले, श्वास धरला आणि खोडाला घासत गाडी पार निघाली.

"वा रं फौजदार!" आरोपी ओरडला.

पुढं एका घळीत, त्यानं बोट दाखवलं तिथं पालापाचोळ्याखाली अजून न हलवलेलं सागवान निघालं. डेपोचे शिक्के तसेच. मुद्देमाल ताब्यात घेतला. आणखी थोडं पुढं गेल्यावर कारवी संपली आणि चाकं डांबरीला लागली. मी मागं वळून पाहिलं. नाका पार मागं, वळणापल्याड राहिला होता. वनाधिकारी खाली उतरले, गाडीकडं बघितलं, वाटेकडं बघितलं, आणि म्हणाले, "म्हणजे त्या पोरानं बांबू उचललाच नव्हता."

"हेच लिहून द्या," मी म्हणालो.

त्या केसनं मला दोन गोष्टी शिकवल्या. अशक्य म्हणून कोणी एखादी वाट दाखवली, तर ती आधी स्वतः जाऊन बघावी. आणि माणूस गुन्हा लपवेल, पण हातातली कला त्याला फार काळ लपवता येत नाही. आणखी एक मी मनाशी धरलं. कॉलेजच्या पदवीनं मला खुर्ची दिली, पण त्या दिवशी कामाला आली ती वडिलांच्या गाडीमागची पायपीट.

वखारवाला आणि ड्रायव्हर दोघांना शिक्षा होऊन ते कळंब्याच्या तुरुंगात गेले. म्हातारा नंतर एकदाच ठाण्यात आला. पायरीवर न बसता सरळ आत आला आणि माझ्या टेबलावर मुलीच्या लग्नाचं आमंत्रण ठेवलं. नाकेदार त्याच नाक्यावर, त्याच खाकीत पुन्हा रुजू झाला.