दर नाताळाला नवे बूट

माझ्या बाबांनी बेचाळीस वर्षांत आजीच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नाही, आणि आजी त्यांच्याशी अवाक्षरही बोलली नाही. भांडण? छे! आम्ही लाकोटा, अमेरिकेचे मूळ रहिवासी; आमच्यात जावई सासूशी बोलत नाही. ती समोरून आली की तो मान फिरवतो, ती शाल पुढे ओढते. मान असतो तो. जिच्या जावयानं मान फिरवली नाही तिनं समजावं, ह्याच्या लेखी आपली किंमत शून्य. गोऱ्यांना हे सांगितलं की ते खिदळतात, म्हणतात, काय नशीबवान जावई हो तुमचे! खिदळू देत मेले.

बाबांचं नाव एनोख ग्रे-ब्लँकेट. प्लम क्रीकच्या लाकडी चर्चचे ते डीकन होते, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचे. पाद्री पन्नास मैलांवरून महिन्यातून एकदा यायचा, प्रभुभोजनाची भाकर आशीर्वाद देऊन ठेवून जायचा, आणि बाकी सगळं बाबांच्या गळ्यात. बाप्तिस्मे, मयती, दारुड्यांना घरी पोचवणं, नवरा-बायकोची भांडणं, चर्चच्या शेगडीत लाकडं घालणं. तरुणपणी चार चर्चं सांभाळायचे, तीही घोडागाडीतून. वेदीवर जेवढ्या भक्तीनं उभे राहायचे तेवढ्याच भक्तीनं सकाळी दाराबाहेर सेजच्या पवित्र पाल्याचा धूर करायचे. एकदा नव्या पाद्र्यानं नाक मुरडलं, तर म्हणाले, "देव आधी इथेच राहत होता फादर. तुम्ही त्याचं नवं नाव आणलंत, आम्ही तेही घेतलं." मग त्याला कॉफी पाजली. रागावणं त्यांना जमायचंच नाही. तो माल सगळा माझ्या वाट्याला आलाय.

आजी आमच्या घरामागे, चाळीस पावलांवर, ओंडक्यांच्या खोलीत राहायची. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, शाल नाकापर्यंत. बाबा प्रवचन करताना त्या कोपऱ्याकडे बघायचेच नाहीत. प्रभुभोजन ती फक्त पाद्री आला तरच घ्यायची; जावयाच्या हातून घ्यायचं म्हणजे समोरासमोर यायला नको का! काही सांगायचं झालं तर मध्ये आई. आई गेली, त्यानंतर तीन वर्षं मध्ये मी.

"व्हर्डेल, तुझ्या वडिलांना सांग, प्रवचन लांबलं." हे आजी उघड्या खिडकीतून म्हणायची, आणि बाबा खिडकीखाली लाकडं फोडत असायचे.

"त्यांना सांग, पुढच्या रविवारी आवरतं घेतो."

"ऐकलंय दोघांनी," मी म्हणायचे. "मला मध्ये बसल्याचा पगार तरी द्या."

आणखी एक गंमत होती. दर नाताळाला बाबा आजीला नवे बूट पाठवायचे. दर नाताळाला! आम्ही चिडवायचो, सासूबाईंना काय शंभर पाय आहेत का? एखादं ब्लँकेट द्या, केटली द्या. बाबा काही बोलायचे नाहीत. आजी खोकं उघडायची, बूट मांडीवर घेऊन बसायची, आणि त्याच दिवशी घालायची. घरात, दारात, पलंगावर टेकली तरी पायांत बूट.

मी चोवीस वर्षांची होते त्या जानेवारीची गोष्ट. वादळ सुरू झालं शुक्रवारी. बर्फ आडवा येत होता. दार उघडलं की पायरीसुद्धा दिसेना. फोन मेला, रस्ता बुजला. आणि नेमकी तेव्हाच आजीची छाती भरली. मी आमच्या मागच्या दारापासून तिच्या दारापर्यंत दोर बांधला आणि त्याला धरून जात येत होते. रविवारी दुपारी ती सूप प्यायली नाही. ओठ निळे पडले होते.

"पाद्री येईल का गं?" तिनं विचारलं.

"आजी, ह्या वादळात कावळासुद्धा येणार नाही."

ती म्हणाली, "मला प्रभूची भाकर हवी. आणि त्याआधी एक बोलायचंय. ते पोटात ठेवून मी जाणार नाही."

"मला सांग."

"तुला सांगून काय उपयोग! तुझ्या वडिलांना सांगायचंय." आणि लगेच शाल तोंडावर ओढून घेतली.

मी घरी आले, बाबांना सांगितलं. ते टेबलाशी बसले होते. त्यांचा चेहरा पडला.

"मी त्या खोलीत कसा जाऊ, पोरी? त्या आयुष्यभर मला मान देत आल्या. आता पडून आहेत, शाल सावरायची ताकद नाही, आणि मी समोर जाऊन उभा राहू?"

"मग काय पाद्र्याची वाट बघत मरू दे तिला?" मी ओरडलेच. "ह्या गावात दुसरा कोण आहे? गावभरच्या मरणाऱ्यांच्या उशाशी बसलात, आणि घरच्या माणसाला फक्त मान देणार?"

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. उठले, आशीर्वादाच्या भाकरीची चांदीची छोटी डबी शर्टाच्या आत ठेवली, कोट चढवला. "मध्ये घोंगडी बांधशील?" एवढंच विचारलं.

मी पुढे, ते मागे, दोघांचे हात दोरावर. वारा असा, की श्वास तोंडातच अडकावा. पावलं मोजत होते. वीस झाली, पंचवीस झाली, आणि दोर एकदम सैल पडला. दोराचं टोक ओढलं तर ते बर्फातून सरपटत माझ्याच हातात आलं. आजीच्या दाराकडची गाठ सुटली होती. ती गाठ मी मारली होती. मीच, घाईघाईत, हातमोजे न काढता.

"बाबा, दोर सुटला!"

"पुढचा?"

"पुढचा!"

मागचं टोक घराला होतं. परत जाता आलं असतं. मी त्यांना तेच ओरडून सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. पंधरा पावलं राहिली होती, पण कुठल्या दिशेनं? शेजारचा फ्रँक ह्याच वादळात स्वतःच्या गोठ्यापासून दहा पावलांवर गोठून गेला, हे आम्हाला नंतर कळलं. बाबांनी एका हातानं माझा पट्टा धरला, दुसऱ्या हातानं दोर, आणि लाकोटात गीत म्हणायला लागले. मयतीला म्हणतात ते. मी म्हटलं, झालं, आता आपलीच मयत.

तेवढ्यात डावीकडून ठण्ण आवाज आला. मग पुन्हा ठण्ण, ठण्ण, न थांबता. तव्यावर लोखंड आपटावं तसा. आम्ही चुकून भलतीकडेच तोंड करून उभे होतो. बाबांनी दोर सोडला. आवाजाकडे वळलो, आणि दहा-बारा पावलांवर माझं कपाळ ओंडक्यांच्या भिंतीवर आपटलं.

आत गेलो तर आजी पलंगावर अर्धी उठून बसलेली, एका हातात शेगडीची सळई, पुढ्यात पालथं घमेलं. मला बघितलं आणि सळई हातातून पडली. बाबा दारातच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी घाईनं आढ्याला घोंगडी अडकवली. एका बाजूला आजी, दुसऱ्या बाजूला बाबा, मध्ये मी, नेहमीसारखी.

"आजी, तू वाजवत होतीस? अंगात त्राण नाही तुझ्या!"

"गाणं ऐकू आलं," ती म्हणाली. मग रडायला लागली. मी तिला आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. "ह्या वेळी वाजवलं गं. तेव्हा नाही वाजवलं. तुझ्या वडिलांना सांग, तेव्हा मी हाक नाही मारली."

"कधी?"

"टोबायस गेला तेव्हा."

टोबायस माझा थोरला भाऊ. मी जन्मायच्या पंधरा वर्षं आधी, चौदा महिन्यांचा असताना घटसर्पानं गेला. एवढंच मला माहीत होतं. आमच्या घरात त्याचं नाव निघायचं नाही. आजी तुकड्यातुकड्यांनी सांगत गेली. उन्हाळा होता. बाबा तीन दिवसांपासून चर्चच्या मेळाव्यांना फिरतीवर होते. सकाळी पोराचा घसा बंद झाला. डॉक्टर एजन्सीच्या, म्हणजे सरकारी कचेरीच्या गावी, अकरा मैलांवर. आई पोराला घेऊन बसली, आणि आजी तशीच टेकडी उतरून मोठ्या रस्त्यापर्यंत पळाली, कुणाची गाडी दिसते का बघायला. गाडी आली. दोन तांबडे घोडे. बाबांची गाडी! एका चर्चहून दुसऱ्याकडे निघाले होते.

"वाटलं, थांबेल. हाक मारायची होती, हात करायचा होता. आणि माझा हात शालीकडे गेला." आजीनं माझं मनगट धरलं. "लहानपणापासूनची सवय गं. मी शाल ओढून उभी राहिले. गाडी निघून गेली. मग मी शेजारच्यांच्या घोड्यासाठी पळाले. दोन मैल. संध्याकाळी पोर गेलं. त्याला सांग. मी एक हाक मारली असती तर त्याचा मुलगा जगला असता. तुझ्या आईलाही मी हे कधी सांगितलं नाही."

घोंगडीपलीकडे सगळं शांत होतं. फक्त वाऱ्याचा आवाज. मला भीती वाटली की बाबा आता दार उघडून निघून जातील. आजीलाही तेच वाटलं असावं, तिनं माझं मनगट घट्ट धरलं होतं.

"व्हर्डेल," बाबा म्हणाले. आवाज त्यांचा वाटेना. "त्यांना सांग, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सांग, मी त्यांना बघितलं होतं. मान फिरवली, तोंड नाही बघितलं. पण मान खाली घातली की माणसाला पाय दिसतात. त्या अनवाणी होत्या. पायातून रक्त येत होतं. सासूबाई अनवाणी कधी दाराबाहेर पडल्या नव्हत्या. मला कळलं होतं, काहीतरी वाईट झालंय. कळलं होतं गं. तरी मी घोड्यांना थांबवलं नाही. म्हटलं, आपण थांबून विचारलं तर त्यांचा अपमान होईल. पुढच्या चर्चमध्ये लोक वाट बघताहेत. सांग त्यांना, मुलगा त्यांच्यामुळे नाही गेला."

मी आजीच्या पायांकडे बघितलं. गोधडीबाहेर आले होते. ताप अंगात, आणि पायांत मागच्या नाताळाचे बूट. इतकी वर्षं चिडवत होतो आम्ही मूर्ख!

"आता मी काही सांगणार नाही," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं, आणि रडू आलं की मला रागच येतो. "एकोणचाळीस वर्षं दोघं गप्प बसलात. आता तुमचं तुम्ही बोला!" आणि मी शेगडीशी जाऊन दोघांकडे पाठ करून बसले.

शेवटी घोंगडी सरकल्याचा आवाज आला. मग बाबांचे गुडघे फरशीवर टेकल्याचा. डबीचं झाकण उघडलं.

"आई," बाबा म्हणाले, "घ्या."

मी वळून बघितलं, राहवलं नाही. बाबांची मान खालीच होती. आजीनं शाल अजून तोंडावर धरली होती. मग तिनं ती हळूहळू हनुवटीखाली घेतली. भाकर तोंडात घेतली, आणि त्यांचे हात आपल्या दोन्ही हातांत धरले.

"किती गारठलेत हो हात तुमचे," ती म्हणाली.

बेचाळीस वर्षांतलं जावयाशी पहिलं बोलणं. बाबा त्या हातांवर डोकं टेकून लहान पोरासारखे रडले. वादळ दुसऱ्या दिवशी दुपारी थांबलं, आणि त्याच वेळी आजी गेली. पुरताना बाबांनी बूट काढू दिले नाहीत.

त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले. त्या अकरा वर्षांत त्यांच्याबरोबर गाडीत बसणं म्हणजे शिक्षा होती. रस्त्याकडेला कुणी उभं दिसलं की ब्रेक! ओळखीचा, अनोळखी, शुद्धीतला, झिंगलेला, बाई, म्हातारी, एकदा तर कुंपण मोजणारा सरकारी माणूस. काच खाली करून विचारणार, "सगळं ठीक आहे ना?" रविवारी उपासनेला अर्धा तास उशीर ठरलेला. लोक कुरकुरायचे. बाबांच्या मयतीला त्याच लोकांनी चर्च भरलं, अंगणही भरलं, आणि जो तो उठून सांगत होता, माझ्यासाठी ते अमुक ठिकाणी थांबले होते.

आता मलाच जावई आहे. गुणी पोरगा. मला बघितलं की मान फिरवतो, आणि मी शाल ओढते. नसली तर जॅकेटची टोपी. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू! पण लग्नाच्या दिवशीच लेकीकरवी त्याला बजावलंय: मी रस्त्यावर उभी दिसले तर आधी गाडी थांबवायची, मग मान फिरवायची.

परवा मी टपालाच्या पेटीशी उभी होते. त्याचा ट्रक पुढे गेला, करकचून थांबला, आणि मागे आला. पोरगा उतरला, मान खाली. आसपास दुसरं कुणीच नाही, फक्त माझा कुत्रा. तो कुत्र्याला म्हणाला, "विचार त्यांना, काही हवंय का?"

"सांग त्याला," मी कुत्र्याला म्हटलं, "काही नको. थांबला हे फार बरं केलं."

त्याची नजर माझ्या पायांवर होती. बूट आहेत हे बघून तो निघाला. मी घरात आले, दार लावलं, आणि टोबायससाठी पोटभर रडले.