बालाजीरावांची हिरवी पेन्सिल

रुचिराने बालाजीरावांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्यांच्या मैलापुरातल्या घराच्या जिन्यावर. ती पुण्याहून तमिळ मुलखात नोकरीला आलेली, वरच्या मजल्याची नवी भाडेकरू. दोघे हमाल तिचा फ्रिज वर नेत होते. लुंगीसारखी वेष्टी नेसलेले एक उंच गृहस्थ स्टीलची टेप घेऊन मध्येच उभे राहिले.

"अडीच सूत कमी पडतं, अम्मा. फ्रिजचं दार काढा."

हमाल हसले. त्यांनी थोडा वेळ रेटून पाहिलं आणि मग दार काढलं.

बालाजीराव तंजावरकडचे मराठी. आवडी नावाच्या उपनगरातल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं तपासनीस म्हणून काढली. मापात बसलेल्या तुकड्यावर ते हिरव्या पेन्सिलीने बरोबरची खूण करत. निवृत्तीनंतर ती पेन्सिल घरी आली आणि दुधाच्या पिशवीपासून विजेच्या बिलापर्यंत सगळ्यावर फिरू लागली.

"लग्नात माझ्या बांगड्यासुद्धा मोजल्या हे," त्यांच्या पत्नी गोदामामी कॉफी पुढे करत आपल्या तंजावरी मराठीत म्हणाल्या. "एक लहान निघाली. मजला त्याच दिवशी कळलं, पुढे काय वाढून ठेवलंय ते."

"लहान होती ना?" बालाजीराव म्हणाले.

रुचिरा मोटारींच्या कंपनीत गुणवत्ता विभागात होती, त्यामुळे दोघांचं जमलं. रविवारी ते तिला कारखान्यातल्या गोष्टी सांगत. त्यातली एक पिनांची. एका पाळीत दोनशे पिना आल्या, सगळ्या मापात. तरी त्यांनी मशीन थांबवायला लावलं. साहेब चिडले. बालाजीरावांनी पिना टेबलावर ओळीने मांडल्या. प्रत्येक पिन आधीच्या पिनेपेक्षा केसभर जाड होती. हत्यार झिजत होतं.

"एक पिन पाहून काही कळत नाही," ते म्हणाले. "ओळ पाहावी."

मार्गळी महिन्यात, म्हणजे धनुर्मासात, पहाटे भजनमंडळी देवळाभोवतीच्या चारही रस्त्यांवरून गात फिरते. तिच्यात पुढे झांज घेऊन चालायचा मान बालाजीरावांचा, तोही पस्तीस वर्षांचा. गुडघे कुरकुरू लागले तेव्हा ते औषधाच्या दुकानातून निळ्या पाकिटातली वेदनाशामक गोळी आणू लागले. पहाटे एक घेतली की चारही रस्ते पार पडत. मार्गळी संपली, गोळी चालूच राहिली. त्याला पाच वर्षं झाली.

रक्तदाबामुळे दर सहा महिन्यांनी रक्त तपासलं जाई. एकदा प्रयोगशाळेने रिपोर्ट फोनवर पाठवला आणि त्यांना तो उघडेना. रुचिराने तो उघडून, छापून आणून दिला. क्रिएटिनीन एक पूर्णांक सहा. छापील मर्यादा एक पूर्णांक तीन.

"थोडं वर आहे," बालाजीराव म्हणाले. "उन्हाळा आहे. पाणी कमी पडलं असेल." आणि पेन्सिल उचलली.

"आधीचे रिपोर्ट आहेत, काका?"

होते. फायलीत, तारखेनुसार. एक पूर्णांक दोन, हिरवी खूण. एक पूर्णांक तीन, मर्यादेवर, हिरवी खूण. एक पूर्णांक चार, शेजारी बारीक अक्षरात 'चालेल', आणि हिरवी खूण.

रुचिराने चारही कागद जमिनीवर ओळीने ठेवले. खालच्या रकान्यातल्या ईजीएफआर या आकड्यावर, म्हणजे मूत्रपिंडं किती गाळतात याच्या अंदाजावर, तिने बोट ठेवलं. पासष्ट. एकोणसाठ. चोपन्न. सेहेचाळीस.

बालाजीराव खुर्चीतून वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी पेन्सिल खिशात ठेवली.

"मशीन बंद करायला हवं होतं," ते म्हणाले. "दुसऱ्याच पिनेला."

डॉक्टर कीर्तना तरुण होत्या, पण घाई करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितलं, लघवीही. मग विचारलं, "दुखण्यावर काही घेता?"

"कधीमधी," बालाजीराव म्हणाले.

गोदामामींनी पिशवीतून निळं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "रोज," त्या म्हणाल्या.

"ही आजपासून बंद. हिने मूत्रपिंडं झिजतात," डॉक्टर म्हणाल्या. "गेलेलं बहुतेक परत येणार नाही. आहे ते टिकवायचं."

"मार्गळीपुरती?"

"मार्गळीतही नाही. गोळीशिवाय जमेल तेवढं चाला."

परतताना रिक्षात गोदामामी म्हणाल्या, "झांज मंडळीतल्या रघुरामला द्या. ताल धरतो तो."

"घाई करतो," बालाजीराव म्हणाले.

कार्तिक लागताच त्यांनी त्याला झांज दिली. महिनाभर रोज संध्याकाळी समोर बसवून त्याची घाई मोडली.

मार्गळीत मंडळी घरावरून जाते. वाटेत थांबायची तिची पद्धत नाही. बालाजीराव पहाटे फाटकाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि मंडळी कोपऱ्यावर वळेपर्यंत मांडीवर ताल धरतात. रक्त आता दर तीन महिन्यांनी तपासलं जातं आणि रिपोर्ट भिंतीवर ओळीने चिकटवले जातात. त्यांवर खूण नसते, फक्त तारीख. ईजीएफआरचा शेवटचा आकडा सत्तेचाळीस आहे.