ठरलेली हार

दिगंबर पाटोळे ख्रिस्ती धर्मगुरू घडवणाऱ्या सेमिनरीतून बाहेर पडला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. फादर व्हायला तीनच वर्षं उरली होती. "माझ्या मनात शंका आहेत," असं त्यानं तिथले प्रमुख असलेल्या रेक्टरांना सांगितलं. राहुरीकडे मिशनच्या शाळेत मास्तर असलेल्या वडिलांनी पत्रात एवढंच लिहिलं, "तेवढ्या मोठ्या असतील तर ठीक." १९७१च्या जूनमध्ये त्यानं पुण्याच्या विद्यापीठात तत्त्वज्ञानाच्या एम.ए.ला नाव घातलं.

सेमिनरीत दर शनिवारी वाद होई. एकानं चर्चला मान्य असलेलं मत मांडायचं, दुसऱ्यानं विरोधक व्हायचं. विरोधकानं तीन आक्षेप घ्यायचे आणि तिसऱ्याचं उत्तर मिळालं की मान लववून, "समाधान झालं," म्हणून खाली बसायचं. दिगंबरचं बोलणं चांगलं, म्हणून विरोधक बहुधा तोच.

विद्यापीठात एका गुरुवारी आगाशे सरांनी त्याला ह्यूम या तत्त्वज्ञाची बाजू मांडायला सांगितली. एकामागून एक गोष्टी घडताना आपण पाहतो. अमक्यामुळे तमकं झालं असं मानणं, ही नुसती मनाची सवय. दिगंबर असा काही बोलला की मुलांनी लिहिणं थांबवलं. तिसऱ्या आक्षेपाला सर अडखळले, चष्मा पुसत काहीतरी गुळमुळीत बोलले. दिगंबरनं मान लववली.

"समाधान झालं, सर."

"अहो पाटोळे, कशानं झालं?" मागून श्यामला लेले म्हणाली. "सरांचं स्वतःचंही झालेलं दिसत नाही!"

वर्ग खो खो हसला. सर मात्र हसले नाहीत.

"पाटोळे, आपल्याला खरंच पटलं?"

"हो, सर."

"मी काय म्हणालो?"

सरांचं उत्तर दिगंबरनं ऐकलंच नव्हतं. ते संपायची तो फक्त वाट पाहत होता. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

तास संपल्यावर तो सरांच्या टेबलापाशी गेला.

"सर, माझं नाव कमी करा."

"एवढ्यावरून?"

"सहा वर्षं मी हरायचा सराव केला, सर. एखादा आक्षेप खरा आहे का, हे एकदाही मनाला विचारलं नाही. शंका आहेत म्हणून घरच्यांना दुखवून बाहेर पडलो. त्या शंकासुद्धा माझ्या नव्हत्या. दर शनिवारी वाटून दिलेल्या होत्या."

"आणि आत्ताची ही शंका? ही कुणी वाटली?"

दिगंबर खालच्या आवाजात म्हणाला, "लेलेबाईंनी."

"मग त्यांच्याशी वाद घाला. माझ्याकडे कशाला आलात?" म्हणत सरांनी हजेरीपट बगलेत मारला आणि ते निघून गेले.

नाव तसंच राहिलं. पण पुढच्या गुरुवारी दिगंबर सगळ्यांत शेवटच्या बाकावर, श्यामलाच्याही मागे जाऊन बसला. लाल झालेले कान निदान तिला तरी दिसू नयेत म्हणून.