मावशीचा नेम आणि एक इंजेक्शन

मावशीने त्या सकाळी सभेत उभं राहून जे सांगितलं, त्याला आता बरेच महिने झाले, पण मी अजून सावरलेले नाही. भाजी चिरता चिरता मध्येच आठवतं आणि सुरी थांबते.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवायचा तिचा धंदा. घराच्या पुढच्या खोलीत कायम उघड्यावाघड्या खुर्च्या, काथ्याचे ढीग, फोमचे तुकडे, आणि मधोमध तोंडात बारीक खिळे धरून बसलेली मावशी. खिळे तोंडात असले तरी बोलणं थांबायचं नाही. काका, म्हणजे तिचे यजमान, दुकानाचे हमाल, ड्रायव्हर आणि श्रोते.

मावशी एका प्रार्थनामंडळाची. त्यांची श्रद्धा अशी की श्वास देवाने दिला, ज्याला दिला त्याचाच तो, म्हणून श्वास घेणाऱ्या कुणाकडून काही घ्यायचं नाही. मांस-मासे तर नाहीतच, पण दूध, अंडं, मध, रेशीम, लोकर, चामडं, पिसांची उशी, काहीच नाही. बाकीची मंडळी हा नेम जमेल तसा पाळायची. मावशी न जमेल तिथेही पाळायची. गिऱ्हाइकाने कापड आणलं की त्यातला एक धागा उपसून ती काडीने पेटवायची आणि वास घ्यायची. जळक्या केसांसारखा वास आला की लोकर नाहीतर रेशीम, आणि गिऱ्हाईक कापडासकट परत. चामड्याचा सोफा दारात उतरूच द्यायची नाही. काका मंडळात नव्हते. ते दोन गल्ल्या सोडून एका टपरीवर दुधाचा चहा पिऊन यायचे आणि घरात शिरताना खिशातली बडीशेप तोंडात टाकायचे. माझं म्हणाल तर मी अंडी खाते, आणि देवाशी माझी फारशी बोलचाल नाही. मावशीची थट्टा करणं हा माझा आवडता उद्योग होता.

त्या मंडळात एक पद्धत आहे. नेम मोडला की सभेत उभं राहून सांगायचं. अजाणता मोडला असेल तर शेवटी 'नकळत' एवढा शब्द म्हणायचा. मग सगळे तो शब्द परत म्हणतात आणि विषय संपतो. जाणूनबुजून मोडला असेल तर वर्षभर दाराजवळच्या बाकावर बसायचं आणि त्या काळात पुढे येऊन प्रार्थना वाचायची नाही. त्या बाकावर कुणी बसल्याचं माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. केकमधलं अंडं नकळत, सुपातलं लोणी नकळत, सगळ्यांचं सगळं नकळतच व्हायचं.

मावशी कित्येक वर्षं प्रार्थना वाचायची. तिचा आवाज चांगला, वाचणं त्याहून चांगलं. खरं सांगायचं तर देवाच्या खालोखाल तिचा जीव त्या वाचनात होता. बाकावर बसायची वेळ आली तर ही बाई झुरून मरेल, असं काका म्हणायचे.

मग एक दिवस मावशीचा पाय सुजला. बसून काम केल्याने असेल म्हणून तिने लक्ष दिलं नाही. संध्याकाळी खुर्ची उचलायला वाकली आणि तिला श्वासच घेता येईना. आम्ही तिला हॉस्पिटलात नेलं. काका आणि मी कागदांसाठी या खिडकीवरून त्या खिडकीवर पळत होतो. परत आलो तेव्हा डॉक्टर दारातच भेटले. म्हणाले, "पायात रक्ताची गाठ झाली होती, तिचा तुकडा फुप्फुसात गेलाय. रक्त पातळ करायचं इंजेक्शन आत्ताच द्यायला हवं. हे डुकराच्या आतड्यापासून बनतं. काहींना धर्मामुळे अडचण असते, म्हणून सांगतोय. पुढे गोळ्या देता येतील, पण आत्ता हेच."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, "द्या. पण तिला सांगू नका, हात जोडते."

डॉक्टरांनी आमच्याकडे जरा विचित्र नजरेने बघितलं आणि म्हणाले, "बरं. ते मी बघतो."

पुढे ती हॉस्पिटलात होती तोवर आमचा जीव टांगणीला. काकांनी इंजेक्शनचा खोका फाडून माहितीचा कागद मोज्यात लपवला. कुणी भेटायला आलं की मी औषधाचा विषय निघायच्या आत हवापाण्यावर बोलायला लागायचे. सकाळ-संध्याकाळ नर्स तिच्या पोटाच्या कातडीत सुई टोचायची आणि मावशी छताकडे बघत पडून राहायची. एकदाही तिने विचारलं नाही, हे कसलं औषध म्हणून. चिमूटभर धागा जाळून बघणारी बाई. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. मी मात्र आपल्या हुशारीवर खूश होते.

घरी आल्यावर काही दिवसांनी मंडळाचे आजोबा आले. मंडळात ते सगळ्यांत वडील, माणूस अगदी मऊ. त्यांच्या सुनेला बाळंतपणानंतर हेच इंजेक्शन दिलं होतं, त्यामुळे रक्ताच्या गाठीवर काय टोचतात आणि ते कशाचं असतं हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी काकांना बाजूला घेऊन विचारलं आणि तिला आम्ही सांगितलेलं नाही हे कळल्यावर म्हणाले, "तिला सांगून टाका. उभी राहील, एक शब्द म्हणेल, झालं. आम्हाला कुणाला काही वाटणार नाही."

आमचा जीव भांड्यात पडला. काकांनी घाम पुसत पुसत मावशीला सगळं सांगितलं. ती उशीत कापूस भरत होती. "बरं," ती म्हणाली. "सभेत बोलते." ना आरडाओरडा, ना रडणं. आम्हाला वाटलं, आजारपणाने मऊ झाली.

मी मुद्दाम सभेला गेले. लहानसा हॉल, घडीच्या खुर्च्या, करकरणारा पंखा. मावशी उभी राहिली. लोकांच्या ओठांवर तो शब्द तयारच होता.

"मला हॉस्पिटलात डुकराच्या आतड्याचं औषध टोचलं," ती म्हणाली. "त्याने मी जगले." मग ती थांबली.

"हं," आजोबा म्हणाले. "आणि?"

"आणि तो शब्द मला म्हणता येणार नाही. डॉक्टरांनी आधी मला विचारलं होतं. हे दोघं खिडक्यांवर पळत होते तेव्हा. कशाचं आहे ते सांगितलं. नाही म्हणालात तर टोचणार नाही, पण मग तुम्ही वाचाल असं सांगवत नाही, म्हणाले. मी हो म्हटलं. लगेच म्हटलं."

काका खुर्चीतून अर्धे उठले आणि परत बसले.

आजोबा घाईने म्हणाले, "अगं, तुला धाप लागलेली. अशा वेळी माणूस शुद्धीवर नसतो. ते नकळतच धरायचं."

"शुद्धीवर होते, आजोबा. कुठल्या खुर्चीचे किती खिळे राहिलेत तेसुद्धा आठवत होतं. मला इतकी वर्षं वाटायचं, अशी वेळ आली तर मी नाही म्हणेन. तुम्हालाही वाटलं असतं. पण मला मरायचं नव्हतं."

आजोबांचा आवाज बारीक झाला. "पश्चात्ताप तर होतोय ना, बाई?" ते जवळजवळ विनवत होते.

मावशीने विचार केला. खरंच केला, आम्ही सगळे बघत होतो. "त्या जनावराचं वाईट वाटतं. रोज वाटतं. पण परत विचारलं तर परत हो म्हणेन. मग पश्चात्ताप होतोय असं इथे उभं राहून कसं म्हणू?"

मावशीने पिशवी उचलली, दाराजवळ गेली, बाकावरची धूळ रुमालाने झटकली आणि बसली. प्रार्थना आजोबांनी वाचली, दोनदा अडखळत. मावशी मान खाली घालून ऐकत होती आणि तिचे ओठ हलत होते.

मला तिचा इतका राग आला होता की बाहेर पडल्या पडल्या मी रस्त्यातच तिला गाठलं. "एक शब्द म्हणायचा होता. सगळे म्हणतात. कुणाचं काय बिघडलं असतं?"

"कुणाचं काही नाही," ती म्हणाली.

"मग आता दुधाचा चहा सुरू कर. अंडी खा, कोंबडी खा. नेम तर मोडलाच."

हे मी चिडून म्हटलं, तिला बोचावं म्हणूनच म्हटलं. काका म्हणाले, "अगं, गप." मावशी चालता चालता थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. वाचन गेल्याचं ते होतं, मला कळत होतं.

"एकदा पडले म्हणून काय आडवीच राहू?" ती म्हणाली. मग पाय दुखत होता म्हणून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही हळूहळू घराकडे चालायला लागलो.